न पुसलेली काच

हरिशेठ पुसत असत. त्यांच्याविषयी एकच वाक्य लिहायचं झालं तर मी एवढंच लिहीन, आणि त्यातही त्यांची जरा जास्तच दखल घेतल्यासारखं होईल. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की खिशातून पिवळं फडकं निघायचं, ते शटर खाली येईपर्यंत हातात नाहीतर खांद्यावर. काउंटरची काच पुसायची, आरसे पुसायचे, देवीच्या फोटोची चौकट पुसायची. गिऱ्हाइकाने काउंटरला बोट लावलं तर ते समोर उभं असतानाच ती जागा पुसायची. माणसं ओशाळून हात मागे घेत. शेठ गोड हसून म्हणत, "आपल्या धंद्यात चमक पाहिजे, बेन. चमक दिसली की माणूस आत येतो." आत आलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्यांना पडलेला मी कधी पाहिला नाही.

आईबापांनी नाव हरिश्चंद्र ठेवलं होतं. मोठी आशा धरून ठेवलं असणार. मूळचे डहाणूकडचे, पण सिल्वासात इतकी वर्षं काढलेली की मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात घालून तिन्ही भाषांमध्ये सारखंच खोटं बोलता येई. गावातल्या आमली भागात, भर रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान. मी चिपळूणची. नवऱ्याची नोकरी इथल्या प्रशासनात, म्हणून सिल्वासात आले, आणि घरी बसून जीव रमेना म्हणून त्यांच्याकडे डोळे तपासायला लागले. दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा लावलेली माझी अंधारी खोली, तिच्या शेजारी लाकडी पार्टिशनच्या आड काच घासायचं मशीन, आणि पुढे काउंटरवर शेठ. नंबर मी काढायचा. काच मोठ्या गावाहून गोल तबकडीसारखी यायची. ती फ्रेमच्या आकाराची घासून फ्रेममध्ये बसवायचं काम मात्र शेठ स्वतः करत. "फिटिंग मी दुसऱ्याच्या हातात देत नाही," असं ते अभिमानाने सांगत. गावाचं तेवढंच फुटकं नशीब.

एक गोष्ट खरी आहे, ती लिहायलाच हवी. म्हातारी माणसं चष्म्याची सैल दांडी, पडलेला स्क्रू घेऊन आली की शेठ ते काम हसत हसत करून देत, वर चहा पाजत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस चांगला दिसतो. मग हळूहळू ध्यानात आलं की जे चारचौघांना दिसतं तेवढंच शेठ चांगलं करत. स्क्रू पिळताना सगळे बघतात. पार्टिशनच्या आड कोण बघतंय?

ते काचेकडे बघत, काचेतून कधी बघत नसत. तयार चष्मा हातात घेऊन उजेडाला धरायचे, तिरका करायचे, त्यात छतावरची ट्यूब कशी झळकते ते गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि म्हणायचे, "हिरॉइन दिसताय." सत्तरीच्या आजीला म्हणायचे. आजी लाजायची आणि चष्मा घालून उंबऱ्याला अडखळायची.

आता हे अडखळणं काय प्रकरण होतं ते सांगते. काही डोळ्यांचा नंबर नुसता कमी-जास्त नसतो, तिरकाही असतो. अशा डोळ्यापुढे काच ठरावीक कोनातच बसली पाहिजे. ती जराशी फिरली की नंबर कितीही बरोबर काढलेला असो, रेघा वाकड्या दिसतात, फरशी उतरती वाटते, डोकं धरतं. अलीकडे काचांवर एक गुळगुळीत लेप येतो. पाणी, तेल, बोटांचे डाग, काही म्हणता काही त्यावर ठरत नाही. लेप चांगलाच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण ज्या काचेला काही चिकटत नाही तिला मशीनची पकडही चिकटत नाही. मशीन काचेला दोन्ही बाजूंनी धरून फिरवतं आणि घासायचं चाक तिच्या कडेला लागतं. त्या ओढीने काच पकडीत हलकेच सरकते. आवाज होत नाही, तुकडा उडत नाही. आकार हवा तसाच येतो, फ्रेममध्ये चपखल बसते, फक्त कोन गेलेला असतो. असा चष्मा दिसायला झकास आणि डोळ्याला नालायक असतो.

यावर उपाय नाही असं थोडंच आहे! नवं मशीन आलं तेव्हा ते बसवायला सुरतेहून एक तरुण माणूस आला होता. शेठनी मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, नारळाचं पाणी मशीनवर उडालं ते पिवळ्या फडक्याने पुसलं. त्या माणसाने टेबलावर गोल पातळ चिकट्यांचं एक रीळ ठेवलं आणि शांतपणे समजावलं, "अंकल, काच के दोनों तरफ एक-एक लगाना, फिर पकड़ में लेना. चिकने लेप वाली काच धीमे पर चलाना, ये बटन है. निकालने के बाद निशान मिलाना. और काच पे ये जो सफेद परत आती है ना, वो पकड़ के लिए ही है. घिसने से पहले पोंछना मत."

शेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बेटा, ये सब नये लड़कों के लिए ठीक है. मेरा हाथ ही स्टिकर है."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी झेंडूच्या हाराकडे बघितलं. 

तो रिक्षात बसून गेला आणि शेठनी रीळ उघडलं. पहिल्या चार चिकट्या त्यांनी आपल्या खुर्चीच्या पायांना लावल्या, कारण दुकानाची फरशी पुसून पुसून इतकी गुळगुळीत झाली होती की खुर्ची मागे पळायची. मग एक चहाच्या काचेच्या ग्लासाच्या बुडाला लावली, कारण काउंटरवर ग्लास ठरायचा नाही. दोन देवीच्या फोटोमागे गेल्या. बाकीचं रीळ ड्रॉवरमध्ये, बंद पडलेल्या टॉर्चशेजारी. घसरण कशी थांबवायची हे या माणसाला चांगलं कळत होतं. त्यांना फक्त चहा सांडलेला चालत नसे.

त्यानंतर लेपाची प्रत्येक काच आली की एकच कार्यक्रम. पाकीट फोडायचं, काचेवरची ती पांढुरकी साय बघून तोंड वाकडं करायचं, "धूळ बसलेला माल पाठवतात साले" म्हणायचं, आणि स्पिरिट टाकून काच अशी लख्ख पुसायची की तिच्यात आपलं तोंड दिसावं. मग मशीन जोरात. धीमं चालवायचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. माझ्या खोलीत बसून मला सगळं कळायचं. स्पिरिटचा वास आला की समजायचं, आज आणखी एकाची फरशी उतरती होणार. मी एकदा पार्टिशनपाशी जाऊन सांगितलंही, "शेठ, ती साय आधी पुसायची नसते." ते वर न बघता म्हणाले, "मॅडम, तुम्ही डोळे बघा. काच मी बघतो."

तयार चष्मा देण्याआधी मी तो नंबर तपासायच्या यंत्रावर ठेवून बघावा, एवढं तरी करू द्या म्हटलं. त्यालाही नाही म्हणाले. का, तर गिऱ्हाइकासमोर चष्मा यंत्रावर ठेवला की गिऱ्हाइकाच्या मनात शंका येते. शंका येऊ नये म्हणून तपासायचंच नाही, असा त्यांचा साधा सरळ हिशेब होता.

तक्रार आली तरी शेठ डगमगत नसत. "आठ दिवस घाला. डोळा सवयीचा नोकर आहे." आठ दिवसांनी माणूस परत आला तर त्याचं वय काढायचं. वय कमी असेल तर मोबाइल काढायचा. आणि कशानेच भागलं नाही तर आवाज खाली आणून, पण मला पडद्याआड ऐकू जाईल इतपतच, "मॅडम नव्या आहेत, परत नंबर काढायला सांगतो." मी तिथे केस पिकवले तरी शेवटपर्यंत नवीच होते.

सावंत सरांचं तर हसावं की रडावं. सर इथल्या मराठी शाळेत होते, राजापूरकडचे, अतिशय सरळ माणूस. शेठनी त्यांना गोल फ्रेमचा चष्मा करून दिला आणि काही दिवसांत सरांची मान डाव्या खांद्याकडे कलली. वाकड्या बसलेल्या काचेतून सरळ दिसावं म्हणून बिचारी मानच वाकडी होत होती, पण सरांना वाटलं मानेचं दुखणं लागलं. मानेला पट्टा आला. शेक आला. शाळेतली पोरं सरांच्या मागे मान कलती करून चालायला लागली. सर एकदा पट्टा घालून दुकानात आले तेव्हा शेठनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि घरगुती तेलाची एक बाटली भेट दिली. "आमच्या वडिलांच्या वेळचं आहे, सर. रात्री चोळा."

शेठ बँकेत गेले होते तेवढ्यात मी सरांचा चष्मा मागून घेतला. गोल फ्रेममध्ये काच फिरवता येते. फ्रेम जरा गरम केली, काच यंत्रावर बघून तिच्या कोनात आणली आणि सरांच्या नाकावर ठेवली. सर आरशात बघत राहिले. मान आपली आपण सरळ झाली होती. दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन आले आणि सरळ शेठकडे गेले. "काय तेल आहे हो तुमचं!" शेठनी पेढा तोंडात टाकला, बोटं फडक्याला पुसली आणि म्हणाले, "सांगितलं नव्हतं का?" सरांसमोर मी काय बोलणार होते? तेलाचा बोलबाला पार नवरात्रापर्यंत चालला.

इथवर मी शेठना नुसतं मूर्ख समजत होते. मूर्खाचा राग येतो, पण त्याची कीवही करता येते. ती कीवही सुनंदाने संपवली.

सुनंदा भुसावळकडची. नवरा ट्रकवर, ती सुताच्या कारखान्यात, खेरडीच्या बाजूला भाड्याची खोली. चेकिंगच्या टेबलावर तिचं काम. ट्यूबच्या उजेडाखाली सुताचं बॉबिन धरायचं, फिरवायचं, आणि सुतातून सुटून उभा राहिलेला एखादा तंतू दिसला तर ते बाजूला काढायचं. तंतू केसाहून बारीक. मागे तिच्या पाठीत काहीतरी निघालं होतं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली होती. त्या कारखान्यात बायांना चेकिंग नाहीतर पॅकिंग, आणि पॅकिंग म्हणजे दिवसभर खोकी उचलणं. हे तिने माझ्या खोलीत खुर्चीवर बसता बसताच सांगून टाकलं. "ताई, टेबल गेलं तं मी गेली. डोळे नीट बघा माहे."

मी नीट बघितले. उजव्या डोळ्याचा नंबर चांगलाच तिरका होता. सुताची लव तिच्या जुन्या काचांवर बसायची, ती पदराने पुसायची, काचांवर ओरखडेच ओरखडे. म्हणून मीच तिला लव न धरणारी लेपाची काच घ्यायला सांगितली. काच आली, मी यंत्रावर पाहिली, अगदी बरोबर होती. मग काच पार्टिशनपलीकडे गेली, त्याच्या दाराशी बसलेल्या सुनंदाच्याही कानावर शेठची 'धूळ' पडली, आणि स्पिरिटचा वास आला.

ती चष्मा घेऊन गेली आणि परत आली. "ताई, फरशी चढावर दिसते. सूत पसरल्यावानी दिसतं."

मी उठायच्या आत शेठ म्हणाले, "आठ दिवस घाला, बेन. सवय पडून जाईल."

गरीब माणसाला सवय होण्यावर फार विश्वास ठेवावा लागतो. ती गेली. पुन्हा आली तेव्हा तोंड उतरलं होतं. तिने पास केलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आला होता. सुपरवायझर म्हणाला होता की आणखी एकदा असं झालं तर पॅकिंगला जायचं. या वेळी मी कुणाला न विचारता चष्मा यंत्रावर ठेवला. उजवी काच इतकी फिरली होती की यंत्राच्या नवशिक्यालाही दिसावी. मी शेठना बोलावलं, यंत्रात बघा म्हटलं. ते वाकले नाहीत. चष्मा उचलला, फडक्याने पुसला, तिच्या हातात दिला. "काच एक नंबर आहे. मॅडमचा नंबर चुकला असेल, त्यांना जमेल तेव्हा परत काढतील." फ्रेम चौकोनी होती, सरांच्या गोल काचेसारखी फिरवून देण्याचीही सोय नव्हती. नवी काचच लागणार होती, आणि ती मागवायची की नाही हे शेठच्या हातात. सुनंदा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "माझा नंबर बरोबर आहे, बाई." शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले होते.

याच सुमाराला शेठना पेपर लांब धरावा लागायला लागला. मी तपासलं तर जवळचं कमी झालं होतंच, शिवाय नंबर तिरका. काय सांगू, माणूस घामाघूम झाला. "मॅडम, कोन बरोबर लिहिलाय ना? परत एकदा बघता?" मी परत बघितलं. संध्याकाळी म्हणाले, आता उजेड वेगळा आहे, अजून एकदा बघू. जो माणूस दुसऱ्याच्या डोळ्याला नोकर म्हणत होता तो स्वतःच्या डोळ्याची सासरी जाणाऱ्या लेकीसारखी काळजी करत होता. त्यांनी काच मागवली ती तीच, सुनंदाला दिली होती तशी, गुळगुळीत लेपाची.

शेठची काच आली त्या संध्याकाळी दुकान भरलेलं होतं. कारखान्यांची पाळी सुटलेली, आमलीत पाय ठेवायला जागा नाही. उकाड्यामुळे पार्टिशनचं दार उघडं ठेवलं होतं. सुनंदा आली, काउंटरपाशी न थांबता सरळ त्या दाराशी येऊन उभी राहिली. मला म्हणाली, "ताई, सोमवारपासून पॅकिंग सांगितलं." रडत नव्हती. मी तिचा हात धरला. शेठनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण त्यांच्या हातात त्यांची स्वतःची काच होती.

पाकीट फोडलं. काचेवर ती पांढुरकी साय होती. मी स्पिरिटच्या वासाची वाट बघत होते. वास आला नाही. पिवळं फडकं खांद्यावरच राहिलं. जो माणूस दिवसभरात देवीपासून दाराच्या कडीपर्यंत काहीही पुसायचं सोडत नसे, त्याने ती काच पुसली नाही. ड्रॉवर उघडला, टॉर्चशेजारचं रीळ काढलं, एक चिकटी या बाजूला लावली, एक त्या बाजूला, आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत आतली हवा काढली. हात असा सावकाश चालत होता की मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मग मशीन. धीमं.

 त्यांना सगळं येत होतं. सुरतेच्या त्या माणसाचा शब्द न् शब्द त्यांना पाठ होता.

सुनंदा हे सगळं बघत होती. बघण्याचाच पगार घेणारी बाई ती. मशीन थांबलं, शेठनी काच काढून तिच्यावरची खूण जुळवून पाहिली, खुशीत मान हलवली, आणि तिने विचारलं, "शेठ, हे गोल गोल काय लावलं होतं?"

शेठ आपल्याच आनंदात. कोण विचारतंय हे न बघताच शिकवायला लागले. "चिकटी. ही काच लई लीसी, गुळगुळीत असते, पकडीत सरकून जाते. सरकली की नंबर फिरला. मग चष्मा घालून उपयोग शू?"

"आन् ती पांढरी धूळ कामून नाही पुसली?"

"धूळ नाही, बेन. पकड बसावी म्हणून कंपनीच देते. शेवटी पुसायची."

सुनंदाने आपला चष्मा काढला आणि टेबलावर त्यांच्या काचेशेजारी ठेवला. "माह्या काचेची आधी पुसली होती. मी तवा आठीच दाराशी बसेल होती, धूळ धूळ करत पुसत होते तुमी." मग म्हणाली, "माले लावली होती का चिकटी?"

शेठनी आता वर पाहिलं. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. सुनंदा ओरडली नव्हती, कारखान्यात मशीनच्या घरघरीवर बोलतात तितक्याच आवाजात बोलली होती.

"तुमची काच वेगळी," शेठ म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, वेगळी होती?"

"तीच होती," मी म्हटलं.

शेठनी फडकं खांद्यावरून काढलं, काहीतरी पुसायला शोधलं, सापडलं नाही. मग एकदम वैतागून म्हणाले, "सगळ्यांना चिकट्या लावत बसलो तर धंदा कधी करू?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच खरं वाक्य. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे घरात चालतं, भावकीत चालतं. पण लोक आपले डोळे या माणसाच्या हातात देत होते, आणि त्याने मनाशी ठरवलं होतं की एका चिकटीच्या लायकीचा डोळा गावात एकच आहे. मला त्या क्षणी त्यांची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

काउंटरपाशी उभ्या एका माणसाने आपला चष्मा काढून हातात घेतला आणि तो उजेडाकडे धरला. मग दुसऱ्याने. त्या दोघांकडे बघून शेठनी सुनंदाची काच नव्याने मागवायचं कबूल केलं. न्यायाने नव्हे, भीतीने. मीही त्यांना बजावलं की नव्या काचेला चिकटी लागेल, साय राहील आणि चष्मा माझ्या यंत्रावरून जाईल, तरच मी उद्या कामावर येईन. नवा चष्मा झाला. सुनंदाने तो घालून दुकानाच्या फरशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सपाट झाली, ताई." पण टेबलावर तोवर दुसरी मुलगी बसली होती. सुपरवायझरने "देखेंगे" म्हटलं. देखेंगे म्हणजे काय ते कारखान्यात सगळ्यांना माहीत असतं. सुनंदा कंबरेला रुंद पट्टा बांधून खोकी उचलायला लागली. आता तिला उत्तम दिसत होतं, आणि पॅकिंगमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

मी थोड्याच दिवसांत ते दुकान सोडलं आणि एका दवाखान्यात लागले. निरोपाला शेठनी चहा मागवला. ग्लास काउंटरवर ठेवला तो जागच्या जागी राहिला. मी चहा घेतला नाही.

त्यानंतर आमलीत भाजीला गेले की मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचे. त्यांच्या दारावरून जायची इच्छाच होत नसे. पण परवा पाळी सुटायच्या वेळेला रस्त्यात रिक्षा अडकल्या आणि मी नेमकी त्यांच्या काचेसमोर येऊन थांबले. काच अर्थातच लख्ख होती, आतलं सगळं दिसत होतं, आणि दार उघडं असल्यामुळे ऐकूही येत होतं. पार्टिशन काढून टाकलेलं होतं. मशीन पुढे, काउंटरच्या शेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. का काढलं, ते मला दोन पावलांवरच कळलं. मशीनभोवती कारखान्याच्या तीन-चार बाया उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे सुनंदा, कंबरेला पट्टा. नंतर भाजीवाली सांगत होती की आता कारखान्यातलं कुणी चष्मा करायला आलं की सुनंदाला बरोबर घेऊन येतं, आणि ती बघितल्याशिवाय हलत नाही.

शेठ खुर्चीत. नाकावर त्यांचा चष्मा, मान ताठ. हातात कुणाची तरी काच, वर पांढरी साय तशीच. ते चिकटी लावून अंगठ्याने दाबत होते, घाईघाईने, कपाळाला आठ्या घालून. त्यांनी काच मशीनकडे नेली तेव्हा सुनंदाने हात पुढे केला. त्यांनी ती तिच्या हातात दिली. तिने ती ट्यूबखाली धरली, हळूहळू फिरवली, इकडून बघितली, तिकडून बघितली. टेबलावर बसून ती बॉबिन असंच बघत असणार.

"आठी हवा राहिली," ती चिकटीच्या कडेला बोट दाखवत म्हणाली. "काढा. परत लावा."

शेठनी बायांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मला बघितलं असावं, पण ओळख दाखवली नाही. मग नखाने चिकटी सोलली, नवी काढली आणि पुन्हा लावली, या वेळी मधून कडेकडे. सुनंदाने काच परत बघितली आणि त्यांच्या हातात दिली.

"आता चालवा," ती म्हणाली.

शेठनी काच पकडीत बसवली आणि धीमं चालवायचं बटण दाबलं.